थोरल्या आजोबांची धूपदाणी

मित्रांनो, देवळाच्या मोठ्या दारातून आत आलात की डाव्या हाताला एक काचेची पेटी लागते. तिच्यात जी तीन पायांची, सिंहमुखाच्या दोन कानांची जुनी पितळी धूपदाणी ठेवली आहे, ती मी. माझ्या डोक्यावर दोन बारीक दिवे आहेत. देऊळ उघडले की ते लागतात, बंद झाले की विझतात. माझ्यात आता राख नाही. गाभाऱ्यातल्या धुपाचा वास काचेच्या फटीतून येतो, तेवढाच.

पाहुणे येतात, वाकून बघतात, फोटो काढतात आणि पुढच्या खांबावरच्या नक्षीकडे वळतात. या बेटावरच्या जॉर्ज टाउन शहरात आलेला माणूस हे देऊळ बघितल्याशिवाय जात नाही, असे म्हणतात. बाहेर रस्त्यावर गाड्यांचा इतका गोंगाट असतो की आत आल्यावर प्रत्येकजण पहिल्यांदा सुस्कारा टाकतो. "किती शांत आहे इथे," असे म्हणतो. शांत का आहे, ते मला विचारा.

माझा जन्म समुद्रापलीकडे, चीनच्या किनाऱ्यावरच्या एका ओतकामाच्या भट्टीत झाला. खारवलेल्या मोहरीच्या भाजीच्या बरण्यांमध्ये बसून, गलबतातून मी या बेटावर आले. मला मागवणारे लोक हमाल, सुतार आणि दुकानदार होते. गाव सोडताना त्यांनी आपला देव बरोबर आणला होता. त्याला ते तुआ पेक कोंग म्हणत, म्हणजे थोरले आजोबा. पांढऱ्या दाढीचे, हसऱ्या तोंडाचे, मांडीवर हात ठेवून बसलेले आजोबा. त्यांच्यासाठी हे देऊळ बांधले, आणि देवळाचा खर्च चालावा म्हणून मागच्या आळीतली घरांची रांग आजोबांच्या नावावर केली. त्या घरांत जे राहतील त्यांनी आजोबांना भाडे द्यावे, असे ठरले.

माझे काम मात्र देवळात नव्हते. मी फिरतीवर होते. दरवर्षी आजोबांच्या वाढदिवसाला आळीतल्या सगळ्या घरांची आणि समितीतल्या लोकांची नावे वाचली जात आणि प्रत्येक नावावर आजोबांचा कौल घेतला जाई. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे असतात, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. ते जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर पडला की उजवा कौल, म्हणजे आजोबा हो म्हणाले. दोन्हींच्या फुगीर बाजू वर आल्या तर नाही. दोन्ही सपाट आल्या तर आजोबा हसले, म्हणजे प्रश्नच चुकला. ज्याच्या नावाला सलग सर्वांत जास्त उजवे कौल पडत, तो त्या वर्षाचा मानकरी. वाजतगाजत, पिवळी छत्री धरून मला त्याच्या घरी नेत. मूर्ती देवळातच असे, पण माझ्याबरोबर आजोबाही वर्षभर त्या घरी राहतात, असे सगळे मानत.

सोनारापासून सायकलरिक्षावाल्यापर्यंत किती घरे मी पाहिली. रिक्षावाल्याने मला रिक्षाच्या गादीवर ठेवायला नकार दिला. "तिथे दारुडे बसतात," म्हणाला, आणि मला दोन्ही हातांत धरून चालत गेला. युद्धाच्या वर्षी मी शवपेट्या करणाऱ्या सुताराकडे होते. त्या वर्षी बिचाऱ्याला माझ्यापुढे उदबत्ती लावायलाही फुरसत मिळेना. शंभर घरांचा धूर माझ्या अंगावर बसला आणि मी काळी झाले. लोक म्हणत, जितकी काळी तितकी भाग्याची. मला फार अभिमान वाटे.

मित्रांनो, आता मी तुम्हांला याप ग्वात इमची गोष्ट सांगते.

ग्वात इम विधवा होती. आळीतल्या तिसऱ्या घरात मुलगी बी ख्वानबरोबर राहायची. मागच्या पडवीत ती तांदळाच्या पिठीची लाल कासवे करायची. आत मुगाचे गोड सारण, खाली केळीचे पान, आणि वर लाकडी साच्यातला कासवाच्या पाठीचा ठसा. कुणाचे बाळ महिन्याचे झाले, कुणाच्या आजीची साठी झाली, आजोबांचा वाढदिवस आला, की कासवे तिच्याकडची. तिची सासूही तेच करायची.

त्या वर्षी पुजारी केंग स्वी काकांनी तिचे नाव वाचले आणि तुकडे टाकले. उजवा कौल. पुन्हा टाकले, पुन्हा उजवा. मग पडतच राहिले. मंडपातली कुजबुज थांबली. देवस्थान समितीचे अध्यक्ष तेह शेठ पुढच्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्या नावाला सकाळी बरेच कौल पडले होते आणि घरी स्वयंपाक्याला मेजवानीचा निरोपही गेला होता. ते उठले.

"काका, तुकडे गुळगुळीत झालेत तुमचे. काहीही पडतंय."

केंग स्वी काका खाली वाकून तुकडे उचलत होते. ते म्हणाले, "सकाळी तुमच्या नावाला पडत होते तेव्हा खरखरीत होते का, शेठ?"

लोक हसले. तेह शेठ हसले नाहीत. "बाईच्या घरी धूपदाणी कधी गेलेली नाही. बायकांची अडचण असते. मी वाईट म्हणून नाही सांगत, रीत आहे."

ग्वात इम मागच्या बाकावरून उठली. तिच्या हातांना अजून लाल पीठ लागले होते. "माझी अडचण संपून वर्षं झाली, शेठ. तुमच्या घरात तर अडचणीच्या चारजणी आहेत. तिथे बरी चालली असती?"

आता मंडप इतका हसला की पुढे कुणाला काही बोलता येईना. मी तिच्या घरी गेले.

ते वर्ष मला अजून आठवते. पुढच्या खोलीत टेबलावर लाल कापड घालून तिने मला ठेवले. सकाळ-संध्याकाळ तीन उदबत्त्या लावायची, आणि मग आजोबांशी बोलत बसायची. पिठाला गुठळ्या झाल्या, शेजारणीच्या सुनेला दिवस गेले, बी ख्वान कारखान्यातून आली की नीट जेवत नाही, सगळे सांगायची. बी ख्वान शहराबाहेर बायान लेपासला विजेच्या वस्तूंच्या कारखान्यात होती. ती म्हणायची, "आई, आजोबांना झोपू दे जरा. त्यांनाही डोकं दुखत असेल."

"तुझ्या बडबडीने दुखत असेल. माझी ते रोज ऐकतात."

जुन्या घरांची भाडी बांधून देणारा कायदा होता. तो त्याच वर्षी उठला. शहरात भाडी भडकली आणि जिकडे तिकडे घरे रिकामी होऊ लागली. एका दुपारी तेह शेठ ग्वात इमकडे आले. मला नमस्कार केला, चहा घेतला, एक कासवही खाल्ले.

"वहिनी, आजोबांचं छप्पर गळतंय."

"आमचंही गळतं, शेठ. आम्ही खाली परात ठेवतो."

"देवाला परात ठेवून कसं चालेल? चीनहून कारागीर आणायचेत. छपरावरचे ड्रॅगन नव्याने करायचेत. त्याला खर्च आहे. एक हॉटेलवाले सगळी रांग घ्यायला तयार आहेत. तुम्हा लोकांना काहीतरी देऊच आम्ही. गावाबाहेर चांगले फ्लॅट झालेत, लिफ्ट आहे."

ग्वात इमने त्यांच्या पुढची बशी उचलली. "घरं आजोबांची आहेत. आजोबांना विचारलंत?"

"विचारू की," तेह शेठ म्हणाले.

त्यांनी विचारले. मी तिथे नव्हते. केंग स्वी काका येऊन पायरीवर बसले आणि त्यांनी ग्वात इमला सांगितले, ते मी ऐकले. समितीने पहिल्यांदा विचारले, आळी हॉटेलला द्यावी का? आजोबा नाही म्हणाले. पुन्हा विचारले, तर आजोबा हसले. तेह शेठ म्हणाले, प्रश्न नीट विचारला जात नाही. मग त्यांनी स्वतः गुडघे टेकून विचारले, "आजोबा, तुमचं छप्पर नीट व्हावं का?" उजवा कौल पडला. शेठ उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "झालं. आजोबांची परवानगी आहे."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत, काका?" ग्वात इमने विचारले.

केंग स्वी काकांनी चपलेचा पट्टा सरळ केला. "मी देवळाच्या मागच्या खोलीत झोपतो ग, वहिनी. मला दुसरीकडे कुठे जागा आहे?"

ती आत गेली. त्यांना दोन कासवे बांधून दिली.

आजोबांचा वाढदिवस जवळ आला. मला देवळात परत न्यायचा दिवस. माझ्यावाचून वाढदिवस होत नाही, नवा मानकरी निवडता येत नाही. बी ख्वानच्या ते लक्षात आले.

"देऊ नकोस," ती म्हणाली. "जोवर ही आपल्या टेबलावर आहे, तोवर त्यांचं काही चालत नाही. दार लावून घे."

"आजोबांना ओलीस धरू?"

"त्यांनी नाही धरलं? आजोबांचं नाव सांगून घरं काढून घेतायत. तू फक्त दार लाव."

ग्वात इमने दार लावले नाही. पण वाजंत्री आली, पिवळी छत्री आली, पांढरे कपडे घातलेले तेह शेठ आले, तेव्हा ती उंबऱ्यावर उभी राहिली आणि बाजूला झाली नाही. आळीतली माणसे घरांतून बाहेर आली. ढोल वाजवणारा थोडा वेळ वाजवत राहिला, मग त्याने कुणाकडे बघावे ते न कळून हात थांबवले.

"वहिनी, मुहूर्त टळतोय," तेह शेठ म्हणाले.

"टळू दे. आजोबांना एक विचारायचं राहिलंय."

"कौल झालाय."

"छपराचा झाला. घरांचा नाही झाला. छप्पर नीट करू का म्हटल्यावर आजोबा नाही कशाला म्हणतील? त्यांनाही पाऊस लागतो."

कुणीतरी हसले. वर्तमानपत्राचा फोटोवाला वाढदिवसासाठी आला होता. त्याने कॅमेरा वर केला. तेह शेठांनी त्याच्याकडे बघितले, मग आळीकडे बघितले. "घ्या कौल," ते म्हणाले.

केंग स्वी काकांनी तुकडे काढले. माझ्यापुढे, ग्वात इमच्या फरशीवर ते बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारले, "आजोबा, या घरांतल्या माणसांना उठवावं का?" तुकडे पडले. दोन्ही फुगीर. पुन्हा टाकले. पुन्हा दोन्ही फुगीर. नाही, आणि नाही.

पडवीतल्या वाफेच्या भांड्याचे झाकण खडखडले. तेह शेठांनी गुडघे टेकले, हात जोडले. "आजोबांसमोर सांगतो," ते म्हणाले, "मी अध्यक्ष आहे तोवर या आळीतून कुणाला उठवणार नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीने डोळे पुसले. ग्वात इमने मला उचलले. तिचे तळवे गरम आणि खरखरीत होते. तिने मला छत्रीखाली आणून दिले, आणि ती स्वतः मिरवणुकीच्या मागोमाग देवळापर्यंत चालत आली. बी ख्वान आली नाही. ती दारात हाताची घडी घालून उभी होती.

मित्रांनो, पुढचे सांगायला मला लाज वाटते, जरी ती लाज माझी नाही.

वाढदिवस थाटात झाला, पण छपराचे काम होईपर्यंत नवा मानकरी निवडायचा नाही, मला देवळातच ठेवायचे, असे समितीने ठरवले. थोड्या दिवसांनी तेह शेठांनी तब्येतीचे कारण सांगून अध्यक्षपद सोडले. समितीने त्यांच्या पुतण्याला निवडले. पुतण्या शिकलेला होता, हळू बोलायचा, सगळ्यांना आधी नमस्कार करायचा. त्याने आळीतल्या लोकांना देवळात बोलावले आणि घरे खाली करायला सांगितले.

"तुमच्या काकांनी शब्द दिलाय," ग्वात इम म्हणाली. "आजोबांसमोर."

"हो मावशी, दिला होता. ते अध्यक्ष असेपर्यंत त्यांनी तो पाळलाही. तो शब्द काकांचा होता."

ती तेह शेठांच्या घरी गेली. शेठ अंगणात पक्ष्याच्या पिंजऱ्यातले पाणी बदलत होते. तब्येत चांगली होती. "वहिनी, मी खोटं कुठे बोललो?" ते म्हणाले. "मी असताना उठवलं का कुणाला?" हे बी ख्वानने देवळात येऊन केंग स्वी काकांना सांगितले, अगदी माझ्या शेजारी उभे राहून. सांगताना ती हसत होती, आणि ते हसणे बघवत नव्हते. "दार लाव म्हटलं होतं मी तिला," ती म्हणाली. "फक्त दार लाव म्हटलं होतं."

उंबऱ्यापाशी टाळ्या वाजवणारे शेजारी एकेक करून समितीने दिले ते घेऊन गेले. मी त्यांना नावे ठेवत नाही. त्यांना मुलेबाळे होती. ग्वात इम शेवटपर्यंत राहिली. तिच्या घराचे पाणी तोडले, तरी ती देवळातल्या नळावरून बादल्या नेत राहिली. मग देवळाच्या नळालाही कुलूप लागले.

जायच्या दिवशी ती आजोबांपुढे आली. दाराबाहेर सामानाचा टेम्पो उभा होता. तिने उदबत्त्या लावल्या आणि नेहमीसारखी बोलू लागली. "आजोबा, तुम्ही नाही म्हणालात. मी ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. पुढे तुम्ही तरी काय करणार. तुम्हीही त्यांच्याच घरात राहता." मग पदर नव्हता तिला, म्हणून बाहीनेच तिने तोंड पुसले आणि ती गेली.

छप्पर नवे झाले. त्यावरचे ड्रॅगन फार सुंदर आहेत. ग्वात इमच्या पडवीत आता हॉटेलच्या पाहुण्यांचे पोहण्याचे टाके आहे, असे ऐकते. त्या वर्षी आळीत ज्याचे नाव वाचावे असे कुणी उरले नव्हते, म्हणून समितीने आपल्यातल्या आपल्यात कौल घेतला. मी एका उंच इमारतीत गेले. घरच्या बाईला छत काळे होईल अशी भीती होती. मला बाहेरच्या गॅलरीत, गरम हवा सोडणाऱ्या यंत्राजवळ ठेवले, आणि वर्ष संपायच्या आधीच परत पाठवले. मग ती रीतच बंद झाली. देवळाच्या राखणीला केंग स्वी काकांच्या जागी कॅमेरे बसले. काका वृद्धाश्रमात गेले, तिथून त्यांची काही खबर आली नाही.

त्यानंतर माझी सफाई झाली. दोन माणसांनी मला रबरी हातमोजे घालून घासले. सोनाराच्या घरचा, रिक्षावाल्याच्या घरचा, सुताराच्या घरचा, ग्वात इमच्या घरचा धूर पिवळ्या फेसातून मोरीत गेला. मी लखलखीत झाले. सगळ्यांनी माझे फार कौतुक केले. शेजारच्या पाटीवर लिहिले आहे की तेह घराण्याने हा ठेवा जपला.

परवाच्या दुपारी ग्वात इम आली. खूप म्हातारी झाली आहे. बी ख्वानच्या खांद्याला धरून, बसमधून उतरून, रस्ता ओलांडून आली होती. हातात संत्र्यांची पिशवी होती. दारातच एक कॉलेजची मुलगी उभी असते. ती पाहुण्यांना माहिती देते. मुलगी चांगली होती. तिने म्हातारीला हात दिला.

"आजी, उदबत्ती एकच लावायची हं. धुराने नवा रंग खराब होतो. आणि फळं पुढे ठेवून फोटो काढा, मग परत घेऊन जा, नाहीतर मुंग्या होतात."

"मुंग्या पूर्वीही होत्या," बी ख्वान म्हणाली. "त्यांना कुणी उठवलं नव्हतं."

मुलीला ते कळले नाही. ती नुसती हसली.

आजोबांना नमस्कार करून परत जाताना ग्वात इमला मी दिसले. ती थांबली. इतकी चकचकीत झालेली मी तिला ओळखू येईन की नाही, मला शंका होती. तिने पुढे येऊन काचेवर पूर्ण तळवा टेकवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर टेकवतात तसा.

"आजी, काचेला हात नको. डाग पडतात."

ग्वात इमने हात काढला. "यंदा मानकरी कोण आहे, बाळ?"

"मानकरी? म्हणजे ते घरी न्यायचं? ते आता नाही करत. फार पूर्वी करायचे म्हणे. आता आजोबा कायम इथेच असतात."

"मग त्यांच्याशी बोलतं कोण?"

मुलगी विचारात पडली. तिला खरोखर उत्तर द्यायचे होते. "पाहुणे येतात की पुष्कळ," ती म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी तर रांग असते."

"चल आई, बस जाईल," बी ख्वान म्हणाली.

दोघी गेल्या. मागे आळीकडे ग्वात इमने मान वळवली नाही. मुलीने खिशातून मऊ फडके काढले आणि काचेवरचा तळवा पुसून टाकला. बोटांचे ठसे लगेच गेले. मधला भाग दोनदा पुसावा लागला.

मित्रांनो, एखाद्या जुन्या देवळात गेलात तर माझ्यासारख्या वस्तू जरूर बघा. आम्हांला बघून तुम्हांला आनंद होत असेल तर तोही घ्या. पण मग बाहेर पडा आणि मागच्या आळीत जा. तिथे कुणाच्या घरी चूल पेटली आहे का, दोरीवर कुणाचे कपडे वाळत आहेत का, ते बघा. नसतील, तर परत येऊन दारातल्या माणसाला विचारा की इथे राहणारी माणसे कुठे गेली. त्याला ठाऊक नसेल. तरी विचारा. मला पुसणारे हात आज हवे तेवढे आहेत. मला उचलून घरी नेणारे हात जपायचे होते, आणि त्यांच्याकडे कुणी बघितलेसुद्धा नाही.